तिसऱ्या दिवशीचा रंग

अठ्ठेचाळीस तास प्लेटवर काही उगवलं नव्हतं.
नियमानं ती मी त्याच संध्याकाळी टाकायची.
पण कचऱ्याची पिशवी तोंडापर्यंत भरलेली,
बर्फामुळे बिश्केकभर गाड्या अडलेल्या.
आळसच म्हणा,
प्लेट इन्क्युबेटरमध्ये तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी
लाल आगरवर ओलसर ठिपके,
एकमेकांत ओघळलेले, फिकट गुलाबी.
पुस्तक म्हणतं, सामन माशाचा रंग.
मी तो मासा पाहिलेला नाही,
आमच्या देशाला समुद्र नाही.
मला आठवला बात्केनचा जर्दाळू,
पुरता न पिकलेला,
घाई करून फोडलेला.

नमुना तोल्कुनबेकचा. वय एक्केचाळीस. नारिनकडचा घोडेवाला.
दीड वर्षापूर्वी बहिणीनं, बुरुलनं,
आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं.
तेव्हापासून दोन्ही वेळच्या गोळ्या
त्याच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना बजावतात :
बहीण नांदायला आलीय,
कुणाला हटकू नका, दारात नाव विचारू नका.
पहारेकरी शब्दाचे पक्के.
बहीण आत रुळली.
आणि त्याच उघड्या दारानं, तिच्या मागोमाग,
तबेल्यातली धूळ आली.

डॉक्टरांना आधी क्षय वाटला.
फुप्फुसात पोकळी, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन,
कुणालाही तेच वाटलं असतं.
चार आठवडे चार औषधं.
खोकला जागचा हलला नाही.

मी बुरुलला फोन लावला.
घरी शिंगरं आहेत का?
"आहेत की. एक उन्हाळ्यात खोकून खोकून गेलं.
हा तीन रात्री त्याच्यापाशीच झोपला,
डोकं मांडीवर घेऊन,
नाकातला फेस स्वतःच्या बाहीनं पुसत.
का हो?"

का, ते मी सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा वाजत होता.

हा जंतू कोवळा असतो तेव्हा काडीसारखा,
जून झाला की गोल.
कातडीवर राहणाऱ्या गरीब जंतूंच्या गर्दीत
सहज खपून जातो.
आपल्यातलाच, म्हणून आम्ही त्याला मोजत नाही.
शिक्का मारतो : दूषित नमुना. पुन्हा पाठवा.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या.
गेल्या हिवाळ्यात, खाट चौदा, सायराकूल,
तिलाही कुणाचं तरी मूत्रपिंड बसवलेलं.
तीन नमुने. तीन शिक्के.
अक्षर माझं.
चौथा नमुना आलेला नाही.
वहीत पुढच्या पानावर
दुसऱ्याच माणसांची नावं सुरू होतात.
तिच्या अंगातले पहारेकरी औषधानं गप्प होते,
मला तर कुणी काही पाजलं नव्हतं.

मे महिन्यात तोल्कुनबेक
प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.
कोट खांद्यांवरून लोंबत होता.
आणखी काही महिने औषधं चालणार होती.
"एजे," बहिणीला हाक मारावी तसा म्हणाला,
"ते मला बघायचंय."

प्लेट केव्हाच वाफेत मारून टाकलेली.
फोनवर फोटो होता, तो दाखवला.
त्यानं स्क्रीन उजेडाकडे फिरवली,
घोड्याचे दात बघावेत तशी नीट पाहिली.
म्हणाला, "शिंगराच्या जिभेचा रंग आहे."
मग विचारलं, घोड्यांकडे कधी जाऊ?
मी म्हटलं, हे डॉक्टरांना विचारा.
"त्यांना विचारलं," तो म्हणाला,
"म्हणून तुम्हाला विचारतोय."

आता पाच दिवसांच्या आत मी प्लेट टाकत नाही.
इन्क्युबेटरमध्ये हात घालायला जागा नसते,
साहेब रोज कटकट करतात.
गुलाबी काही दिसलं की फोन लावते, विचारते,
घोडे आहेत का, शिंगरं आहेत का,
कुणाचं डोकं मांडीवर घेतलं होतं का.

खाट चौदाच्या कागदावरचा नंबरही लावून पाहते अधूनमधून.
वाजतो.